वापरलेली फुल फ्रेम घेतली तर फोटो सुधारतील का? कॅमेऱ्याचा वाटा किती, आपला किती

कवडसा

नमस्कार मंडळी,

चांगला फोटो कॅमेऱ्यामुळे येतो की फोटोग्राफरमुळे, यावर इथे बरेचदा हिरिरीने वाद होतात. मला त्यातून खरेदीचा एक निर्णय घ्यायचा आहे, म्हणून आकड्यांसकट विचारतो.

हाताशी २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी (लहान सेन्सरची) डीएसएलआर आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स आहे, एफ/३.५ ते ५.६. बजेट साधारण एक लाख. एवढ्यात वापरलेली फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी मिळेल असं दिसतंय. सध्याचे फोटो असे बिघडतात:

ढोल-ताशा पथक, दिवेलागणीनंतर. चेहरे पुसट, हात म्हणजे नुसता फराटा. ५५ मिमी, एफ/५.६, १/६०, आयएसओ १६००.

भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो). फोटोत पक्षी एवढासा, मोठा करायला गेलं की चौकोन दिसायला लागतात. ५५ मिमी, एफ/८, १/१२५०, आयएसओ ४००.

राजगडावरून तोरणा, सकाळी, तिपाईवर. १८ मिमी, एफ/२२, १/१५, आयएसओ १००. सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ/२२ ठेवलं होतं, तरी लांबची धार मऊच.

यातलं काय बॉडी बदलल्याने सुटेल आणि काय माझ्या हातात आहे?

---

तिपाई

एक्सिफ (फोटोसोबत नोंदलेली मापं) दिलंत हे फार बरं झालं. तीन फोटो, तीन वेगळे आजार आहेत, आणि फुल फ्रेम हे त्यांतल्या एकाही आजारावरचं पहिलं औषध नाही.

आधी निदान कसं करायचं ते सांगतो, कारण तुमच्याकडे असे आणखी फोटो असणार. बिघडलेले शंभर फोटो निवडा, संगणकावर १०० टक्के मोठे करून बघा आणि ढीग पाडा. फोटोतली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला आहे. मागचा मंडप स्पष्ट आणि माणूस तेवढा पुसट, तर माणूस हलला आहे. माणूस पुसट पण त्याच्या पुढची जमीन किंवा मागची भिंत कडक, तर फोकस चुकला आहे. सगळंच सारखं मऊ आणि ओढल्याची दिशा कुठेच नाही, तर लेन्स, हवेतला धुरकटपणा किंवा फार बारीक अॅपर्चर. विषय स्पष्ट आहे पण इवलासा, तर अंतर किंवा फोकल लेंग्थ. आणि सगळं तांत्रिक बरोबर असूनही फोटो परत बघावासा वाटत नाही, हा शेवटचा ढीग. त्याला दुकानात औषध नाही. तिथे उभं राहण्याची जागा, प्रकाशाची दिशा आणि दाबण्याची वेळ एवढंच बदलता येतं.

आता पथक. १/६० ला वाजवणाऱ्याचा हात थांबणार नाही, कोणताही कॅमेरा आणा. चेहरा आणि धड थांबवायला निदान १/२५०, टिपरू दिसायला १/५००. १/६० वरून १/५०० म्हणजे तीन स्टॉप, म्हणजे प्रकाश आठपट हवा. तो कुठून आणायचा?

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, तुमचा साधारण २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ २.३५ पट, म्हणजे तशाच एफ/५.६ च्या लेन्सवर नॉइजमध्ये फायदा सव्वा स्टॉपच्या आसपास. उलट ५० मिमी एफ/१.८ ही साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स एफ/५.६ पेक्षा सव्वातीन स्टॉप जास्त प्रकाश आत घेते. तुमच्याच बॉडीवर, त्याच १६०० आयएसओवर १/५०० मिळतो. बहुतेक कंपन्यांच्या यादीत ही सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी एक असते.

तिची अडचणही ऐका. ५० मिमी, एफ/१.८, तीन मीटरवरचा माणूस: स्पष्टतेची खोली जेमतेम २५ सें.मी. ढोल पोटाशी बांधलेला असतो, म्हणून फोकस ढोलाच्या पानावर बसला तर चेहरा गेलाच. कॅमेऱ्याला सगळे फोकस बिंदू वापरू दिले की तो बहुधा जवळची, ठळक कडांची वस्तू पकडतो आणि तुमच्या फ्रेममध्ये ती वस्तू म्हणजे ढोल. म्हणून एकच बिंदू निवडा, तो चेहऱ्यावर ठेवा, फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर. एफ/२.८ वर खोली ४० सें.मी. होते. तेवढं केलंत तर आयएसओ ३२०० ते ४००० ला घाबरू नका. नॉइज असलेला स्पष्ट चेहरा छापता येतो, पुसटलेला चेहरा कशानेच परत येत नाही.

किल्ला. इथे चूक अॅपर्चरची आहे. भोक फार बारीक केलं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. एफ/२२ ला त्या ठिपक्याचा व्यास साधारण ३० मायक्रॉन. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे एकच बिंदू सात-साडेसात पिक्सेलवर सांडतो. एफ/८ ला ठिपका ११ मायक्रॉनच्या आत येतो, तीन पिक्सेलपेक्षा कमी. एफ/८ ठेवा, १८ मिमीवर फोकस चार मीटरवरच्या दगडावर करा. जवळपास १.३५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. स्पष्टतेच्या खोलीच्या कोष्टकात तुम्हाला दोन मीटर हा आकडा सापडेल, तोही चुकीचा नाही, पण कोष्टकं लहान छपाईसाठी बेतलेली आहेत आणि त्या हिशोबाने लांबची धार जेमतेम उत्तीर्ण होते. तुम्हाला तोरणा हवा आहे, पायाशी असलेलं गवत नव्हे.

तिपाईबद्दल दोन ओळी: लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद, मधला दांडा खाली, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो म्हणजे आरसा आधीच वर गेलेला असतो. वजन म्हणून सॅक लटकवली तर तिचं बूड जमिनीला टेकलेलं हवं. राजगडाच्या माचीवर वारा सुटला की अधांतरी सॅक लंबकासारखी हलते आणि तिपाईलाही हलवते.

रोहितांचं शेकाट्या यांनी सांगावं, ते त्यांचं क्षेत्र.

---

शेकाट्या

तिपाई यांच्याशी बराचसा सहमत, पण "सगळं फोटोग्राफरवर असतं" या निष्कर्षाकडे धागा जायला लागला की मी आडवा येणार. पक्ष्यांच्या फोटोत भूमितीच निकाल लावते.

मोठा रोहित मान ताठ केली की साधारण १.३ मीटर उंच. तुमची होडी त्याच्यापासून ६० मीटरवर आहे असं धरा. सेन्सरवर पडणारी त्याची उंची म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले उंची भागिले अंतर. ५५ मिमीवर ती येते १.२ मिमी, म्हणजे तुमच्या ४००० पिक्सेल उंचीच्या फोटोत पक्षी ३०५ पिक्सेलचा. ३०० मिमीवर ६.५ मिमी, साधारण १६६५ पिक्सेल. ४०० मिमीवर २२०० च्या पुढे. आता २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम घ्या: तिचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, मोठा. त्याच ५५ मिमीवर तोच पक्षी २०० पिक्सेलचा होतो. म्हणजे ज्या फोटोसाठी तुम्ही लाख रुपये घालणार, तो फोटो आणखी वाईट येईल. पक्ष्यांसाठी एपीएस-सी ही उणीव नाही, ती सोय आहे.

थोडक्यात, ५५ मिमी घेऊन ६० मीटरवरच्या रोहिताचा जवळून घेतल्यासारखा फोटो कोणीही काढू शकत नाही, कितीही मोठं नाव असलं तरी. त्या लेन्सने फक्त वेगळा फोटो काढता येतो: धुक्यातलं पाणी, त्यावर गुलाबी रेघेसारखा थवा, पुढे मच्छीमाराची होडी. तो फोटो उत्तम असू शकतो, पण तो डोक्यात ठरवून निघावं लागतं.

साधनाशिवाय अशक्य असलेल्या फोटोंचं टोकाचं उदाहरण हॅरल्ड एजर्टन यांचं. सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा त्यांचा फोटो १९६४ चा. गोळीचा वेग सेकंदाला ८५० मीटर धरला तर १/८००० सेकंदातही ती १० सें.मी. पुढे सरकते. आजच्या उत्तम बॉडीचं यांत्रिक शटरही तिथे निरुपयोगी. एजर्टन यांनी अंधारात शटर उघडं ठेवलं आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ टिकणाऱ्या ठिणगीच्या उजेडाने ती थांबवली. तो लखलखाट नेमक्या वेळी व्हावा म्हणून गोळीच्या आवाजावर चालणारा मायक्रोफोन लावला. ते एमआयटीतले विद्युत अभियंता होते, हवं ते साधन मिळत नव्हतं म्हणून त्यांनी ते बनवलं. इथे कॅमेरा आणि माणूस वेगळे कसे काढणार?

आता भिगवणचं व्यवहारी. ७०-३०० किंवा १००-४०० लागेल. किट झूमच्या मागे २x टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ दुप्पट करणारं जोडभिंग) लावायचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका: दोन स्टॉप जातात, एफ/५.६ ची एफ/११ होते आणि सुरुवातीच्या श्रेणीच्या डीएसएलआरचा ऑटो फोकस तिथे काम करत नाही.

नावेत तिपाई लावू नका, नावेची थरथर तिच्यातून थेट कॅमेऱ्यात येते. कोपरं बरगड्यांना टेकवून हातात धरा, स्टॅबिलायझेशन चालू, बसलेल्या पक्ष्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२०००. कॅमेरा नावेच्या काठाच्या जितका जवळ तितका पाण्यालगतचा कोन मिळतो आणि मागचं पाणी नितळ, मऊ होतं. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत चिखल मागे येतो.

एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोडू नका. पांढरा पक्षी, भोवती गडद पाणी, अशा वेळी कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) पाणी उजळवतो आणि पिसांमधला तपशील जातो. स्वच्छ ऊन चढल्यावर आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० हे मूळ माप. पक्षी पांढरा म्हणून त्यातून दोन तृतीयांश स्टॉप कमी, म्हणजे १/२५००. सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात मात्र प्रकाश यापेक्षा एक-दोन स्टॉपने कमी असतो, तिथे आयएसओ वाढवा.

ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरते. ती थरथर ४०० मिमीवर पिसांचं लोणी करते आणि ती जगातल्या सर्वांत महाग लेन्सनेही जात नाही. म्हणून पहिली नाव. नावाड्याला आधीच सांगा की सूर्य पाठीशी राहील असं वळण घ्यायचं, इंजिन लांबच बंद करायचं आणि पुढचं अंतर बांबूने. थवा उडवायला सांगू नका. चरणारे पक्षी माना वर करून एका दिशेने चालायला लागले की तिथेच थांबायचं, ती उडण्याआधीची खूण आहे. न बिथरलेल्या थव्याजवळ जे अंतर मिळतं ते कोणत्याही लेन्सपेक्षा मोलाचं.

आणि तिपाई, एका मुद्द्यावर दुरुस्ती: बॉडीने काहीच फरक पडत नाही असं नाही. डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणाऱ्या नव्या मिररलेस बॉडीत उडत्या पक्ष्याचे दहातले जास्त फोटो लागतात, हे मान्य करायलाच हवं. पण हा गुण फोकस यंत्रणेचा आहे, सेन्सरच्या आकाराचा नव्हे. जुनी फुल फ्रेम डीएसएलआर घेऊन तो मिळणार नाही.

---

लाल दिवा

डार्करूमच्या बाजूने थोडं. "त्यांच्याकडे भारी कॅमेरा होता" आणि "त्यांच्याकडे नजर होती" ही दोन्ही वाक्यं ज्यांच्याबद्दल सर्रास बोलली जातात त्या अॅन्सेल अॅडम्स यांच्या एका फोटोचा हिशोबच मांडतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र, १९४१.

८ × १० इंचांचा कॅमेरा उभा केला, मावळतीचं ऊन गावातल्या दफनभूमीच्या पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होतं आणि एक्स्पोजर मीटर सापडेना. त्यांना एक आकडा पाठ होता: चंद्राची दीप्ती चौरस फुटाला २५० कँडल. पुढचं सगळं तोंडी गणित.

फिल्मचा वेग ६४. त्याचं वर्गमूळ ८. म्हणून एफ/८ ला, दीप्तीचा आकडा शटरच्या छेदात घातला की, म्हणजे १/२५० ला, चंद्र मधल्या करड्या छटेत येईल. पण चंद्र करडा नको, उजळ आणि तरी तपशील शाबूत असा हवा, म्हणून दोन स्टॉप जास्त: १/६०. आकाश गडद व्हावं म्हणून लावलेला पिवळा फिल्टर तिप्पट प्रकाश खातो: १/२०. आता खोलीसाठी एफ/३२ हवं, एफ/८ पासून चार स्टॉप, म्हणजे सोळापट वेळ. सोळा भागिले वीस, जवळपास एक सेकंद. त्यांनी तेवढंच दिलं. दुसऱ्या निगेटिव्हसाठी होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

तरीही काम तिथे संपलं नाही. निगेटिव्हचा खालचा भाग पातळ होता, कारण हिशोब चंद्रासाठी केला होता. १९४८ मध्ये त्यांनी तेवढ्याच भागावर रासायनिक प्रक्रिया करून त्याची घनता वाढवली, आणि पुढच्या छापांमध्ये आकाश वर्षानुवर्षं अधिकाधिक काळं करत नेलं. रॉ फाइलवर (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) खालचा भाग उचलणं, वरचा दाबणं हे आज जे करतो ते हेच. कवडसा, तुम्ही जेपेग काढत असाल तर आजपासून रॉ काढा. यासाठी नवी बॉडी लागत नाही.

या हिशोबाचा तुम्हाला थेट उपयोग आहे. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. कोजागिरीला कॅमेऱ्याचा मीटर काळं आकाश बघून चंद्राचा पांढरा पत्रा करतो. मॅन्युअलवर आयएसओ १००, एफ/११, १/१०० ठेवा आणि पुढचे-मागचे एक-एक स्टॉप घ्या, डाग दिसतील. सेन्सरवर चंद्राचा व्यास साधारणपणे फोकल लेंग्थच्या ११०व्या भागाइतका येतो: ५५ मिमीवर अर्धा मिमी, तुमच्या फोटोत सव्वाशे-एकशेतीस पिक्सेल. म्हणजे १८-५५ ने चंद्राचा फोटो काढायचा नाही, चंद्र असलेल्या बुरुजाचा काढायचा, तोही किल्ल्यावर अजून संधिप्रकाश असताना. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्तापूर्वीच उगवलेला असतो, तेव्हा दोघांचा उजेड जुळतो. हे पंचांग बघून ठरतं.

दुसरं नाव होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण. त्यांच्या कामातला बराच भाग स्पीड ग्राफिकवरचा. त्या कॅमेऱ्यावर एका फोटोसाठी काय करावं लागे बघा: होल्डर सरकवायचा, काळी पट्टी उपसायची, शटर ताणायचं, फ्लॅशचा बल्ब बसवायचा, अंतर अंदाजाने धरून अॅपर्चर ठरवायचं, दाबायचं. मग जळालेला गरम बल्ब काढायचा, पट्टी परत घालायची, होल्डर उलटा करायचा. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म. पंतप्रधान हसले आणि आपण बल्ब बदलतोय, तर ते हसू गेलं. अशा साधनाने माणसाला आधीच ओळखावं लागतं: हा आता वळणार, ही आता हात पुढे करणार. आजच्या सेकंदाला दहा फोटोंच्या कॅमेऱ्यात ही शक्ती विकत मिळत नाही. पण सरावाने येते, म्हणून एक व्यायाम: पथकाच्या एका सरावाला जा आणि पूर्ण संध्याकाळीत फक्त बारा वेळा दाबायचं. तालाच्या कुठल्या मात्रेला हात वर जातात ते मोजल्याशिवाय बारा पुरणार नाहीत.

---

कवडसा

सगळ्यांचे आभार. ढीग पाडले. सर्वांत मोठा "माणूस हलला" हा निघाला, त्याखालोखाल "विषय इवलासा". हात हलल्याचे फारच थोडे. शेवटचा, निर्जीव फोटोंचा ढीगही लहान नाही, ते मान्य.

एक नवी अडचण. मित्राची ५० एफ/१.८ लावून सरावात १/५०० वर फोटो काढले. चेहरे स्पष्ट आले, पण काही फोटोंत आडवे काळपट पट्टे आहेत, काहींत अर्धा फोटो पिवळट. लेन्स खराब आहे का?

---

तिपाई

लेन्स ठीक आहे. हे वरच्या दिव्यांमुळे होतं.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे बरेचसे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. १/१०० ला एक पूर्ण चढउतार फोटोत येतो, म्हणून उजेड सारखा. १/५०० ला त्या चढउताराचा पाचवा भागच येतो, तो तेजाचा असेल किंवा मंदाचा. शिवाय साधारण १/२०० च्या वर शटर पूर्ण उघडतच नाही. एक फट वरून खाली सरकते, आणि ती सरकताना दिवा बदलला की पट्टा उमटतो. रंग बदलतो तोही यामुळेच.

उपाय क्रमाने बघा. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. कॅमेरा उजेडाचं शिखर गाठून दाबतो, त्यामुळे क्षणभर उशीर जाणवेल. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते बंद ठेवा, पट्टे त्यात सर्वांत जास्त येतात. ते जमत नसेल तर १/१०० वर या.

"पण १/१०० ला हात हलेल" असं म्हणाल. इथे लाल दिवा यांचा मुद्दा कामी येतो. ढोलावर टोला पडण्याआधी हात वर जातो, वळतो आणि खाली येतो. वळणाच्या त्या टोकाला हाताचा वेग क्षणभर शून्य असतो. ध्वज नाचवणाऱ्याचंही तसंच, उडी वरच्या टोकाला थांबते. त्या टोकाला दाबलंत तर १/१०० लाही टिपरू दिसतं. शटर बोटाखाली अर्धं दाबून ठेवायचं आणि हात वर निघाला की दाबायचं, वर पोचल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो.

रंगीत डिस्को एलईडींचं लुकलुकणं या १०० च्या हिशोबात बसत नाही, त्यांच्या थेट खाली उभं राहू नका. मिरवणुकीत दुकानांच्या मोठ्या पाट्यांचा उजेड चेहऱ्यावर बाजूने पडेल अशी जागा आधी हेरून ठेवा आणि पथक तिथे येईपर्यंत थांबा. सप्टेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. त्याआधीचा तासभर वापरलात तर वरचे सगळे उपाय लागतच नाहीत. पट्टे नाहीत, १/५०० आरामात, आणि गुलाल उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढला तर पेटल्यासारखा दिसतो.

---

घाटवाट

खरेदीच्या बाजूने दोन गोष्टी, कारण लाख रुपये थोडे नव्हेत.

५० एफ/१.८ घ्याच, पण बॉडीशी जुळते का बघून. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. तिथे एएफ-एस लेन्सच हवी (एएफ-पी त्यांतल्या नव्या बॉडींवरच फोकस करते), जुनी डी प्रकारची स्वस्त लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. कॅननवर ईएफ घेतली तर पुढे फुल फ्रेम डीएसएलआरवरही चालते, ईएफ-एस चालत नाही.

७०-३०० वापरलेली घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत टाका आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स ठेवून या. धुळीचे दोन-चार कण चालतात. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नको, पाती चिकटून फोटो जास्त उजळ येतात. झूम पुढे-मागे करताना मध्येच अडकते का, माउंटच्या स्क्रूंवर खरवडल्याच्या खुणा आहेत का ते बघा, खुणा म्हणजे ती कधीतरी उघडली गेली आहे. शेवटी एक सपाट विटांची भिंत, समोरून, ३०० मिमी, सर्वांत मोठं अॅपर्चर. डावी आणि उजवी कड सारखी स्पष्ट हवी. एक बाजू मऊ असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे.

१००-४०० विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणा. वजन हातात पेलतं का हे कागदावर कळत नाही.

आणि डबा. कोकणात, मुंबईत, अगदी पुण्यातल्या पावसाळ्यातही आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० मध्ये ठेवा, ३० च्या खाली नको, रबर आणि वंगण सुकतं. निळी जेल गुलाबी झाली की ती भिजली, मंद आचेवर कढईत परतून पुन्हा निळी करता येते, पण ती कढई स्वयंपाकात परत आणू नका. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं.

---

कवडसा

ठरलं. बॉडी तीच, ५० एफ/१.८ गणपतीआधी, ७०-३०० भिगवणच्या मोसमाआधी. शेकाट्या, पहिल्या नावेसाठी कॅमेऱ्यात आदल्या रात्री काय लावून ठेवू?

---

शेकाट्या

मॅन्युअल, १/१०००, लेन्सचं सर्वांत मोठं अॅपर्चर, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७, काही बॉडींमध्ये मॅन्युअलबरोबर ते चालत नाही, घरीच तपासा. फोकस मधल्या एका बिंदूवर, सतत. रॉ. कार्ड रिकामं, बॅटरी पूर्ण आणि दुसरी खिशात, कारण हिवाळ्यातल्या पहाटे ती लवकर उतरते. गाडीचा एसी चालू असेल तर कॅमेरा बॅगेत बंद ठेवून किनाऱ्यावर पंधरा मिनिटं आधी पोचा, नाहीतर भिंगावर दव धरतं आणि पहिला अर्धा तास पुसण्यात जातो. सूर्य वर आला की आयएसओ ४०० वर पक्का करा, अॅपर्चर एफ/८ करा आणि शटर १/२५०० पर्यंत न्या.